दारातल्या पाखरांचा अभ्यासक

आषाढ सरत आला, की गडचिरोली जिल्ह्यातील धानाच्या बांध्यांमध्ये रोवणीची घाई सुरू होते. पऱ्ह्यांच्या जुड्या, चिखलात ओळीने वाकलेल्या बाया आणि धुऱ्यावरच्या शिंदीला किंवा विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लोंबणारे सुगरणीचे खोपे, हे इथले पावसाळ्यातले नेहमीचे चित्र. ते इतके नेहमीचे, की खोप्यांकडे मुद्दाम मान वर करून कुणी पाहत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीचे जंगल म्हटले, की शहरातल्या माणसाला आधी वाघ आठवतो. ताडोब्याच्या वाटेवर मोटार थांबवून शिंदीवरचे खोपे पाहणारा प्रवासी विरळाच.

अशाच खोप्यांकडे १९३०च्या पावसाळ्यात एका बेकार माणसाने दिवसच्या दिवस पाहिले होते. ते गाव गडचिरोलीपासून शेकडो कोस दूर, अलिबागजवळचे किहीम. त्या माणसाचे वय तेव्हा चौतिशीकडे झुकलेले होते. हाती विद्यापीठाची पदवी नव्हती, नुकतीच नोकरी गेली होती आणि पुढे काय करायचे, याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. पुढे ज्याला साऱ्या जगाने भारतीय पक्षिशास्त्राचा अध्वर्यू म्हणून ओळखले, तो हा माणूस म्हणजे डॉ. सलीम अली. दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. त्याचा पहिला दिवस अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा आणि शेवटचा सलीम अलींच्या. या निमित्ताने सलीम अलींच्या मोहिमांचे आणि मानसन्मानांचे स्मरण होतेच. मात्र त्यांच्या अभ्यासाचे मूळ घराच्या आसपासच्या साध्या पाखरांमध्ये होते, हे सहसा सांगितले जात नाही.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांमध्ये ते सर्वांत धाकटे. वर्षाचे होते तेव्हा वडील गेले आणि तिसऱ्या वर्षी आईचे छत्र हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूल नव्हते. त्यांनी या पोरक्या भावंडांना खेतवाडीतल्या आपल्या घरी वाढवले. मामा शिकारीचे शौकीन होते. घरात बंदुका होत्या आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलांच्या हातीही खेळण्यातली छऱ्याची बंदूक आली. घराच्या आसपासच्या चिमण्या टिपणे हा लहानग्या सलीमचा आवडता उद्योग होता. पक्ष्यांविषयी ममता वगैरे तेव्हा काही नव्हते. त्यांनी स्वतःही पुढे ही गोष्ट कधी लपवली नाही.

एके दिवशी टिपलेली चिमणी मात्र निराळी निघाली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. असली चिमणी खावी की न खावी, असा प्रश्न मुलाला पडला आणि तो मामांकडे गेला. मामांनाही तिची ओळख पटेना. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अपोलो स्ट्रीटवरील कार्यालयात धाडले. तेथील मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड हे इंग्रज गृहस्थ. गोऱ्या साहेबासमोर उभे राहायचे, या विचारानेच दहा-बारा वर्षांचा मुलगा बावरून गेला होता. मिलार्डसाहेबांनी मात्र चिमणी हातात घेतली, ती पीतकंठी रानचिमणी असल्याचे सांगितले आणि कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा सारा संग्रह मुलापुढे मांडला. आपण रोज पाहतो त्या चिमण्यांमध्येही इतके प्रकार असतात, हे त्या मुलाला त्या दिवशी कळले.

मिलार्डसाहेबांनी वाचायला दिलेल्या पुस्तकांत ‘ईएचए’ या नावाने लिहिणाऱ्या एडवर्ड हॅमिल्टन एटकिन यांचे मुंबईच्या परिचित पक्ष्यांवरचे पुस्तक होते. एटकिन यांचा जन्म १८५१ मधला, साताऱ्याचा. १८८३ मध्ये ज्या आठ जणांनी मुंबईत ही सोसायटी स्थापन केली, त्यांपैकी ते एक होते. बंगल्याच्या ओसरीत, बागेत, गावकुसाला दिसणारे प्राणी आणि पाखरे हाच त्यांच्या लेखनाचा विषय. पक्षी पाहायला दूरदेशी जावे लागत नाही, हा संस्कार सलीम अलींवर असा अगदी लहानपणीच झाला.

शाळेत मात्र त्यांची प्रगती बेताचीच होती. डोकेदुखीच्या त्रासाने त्यांना काही काळ सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. १९१३ मध्ये ते कसेबसे मॅट्रिक झाले. सेंट झेवियर्समधील पहिले वर्ष जड गेल्याने महाविद्यालय सोडून ते ब्रह्मदेशातील टॅव्हॉयला गेले. तेथे कुटुंबाचा खनिजाचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. व्यवसायापेक्षा भोवतालच्या जंगलातच त्यांचे मन अधिक रमले. १९१७ मध्ये परतल्यावर त्यांनी व्यापारी कायदा आणि हिशेबनिशीचे शिक्षण घेतले आणि सेंट झेवियर्समधील फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांच्या आग्रहाने जोडीला प्राणिशास्त्रही शिकले. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमीना यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पदवी नसल्याची किंमत पुढे मोजावी लागली. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियामधील पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविभागाचे मार्गदर्शक व्याख्याते म्हणून त्यांची नेमणूक झाली. दोन वर्षांत त्या कामाचा कंटाळा आला. १९२८ मध्ये रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि तेथील प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात प्राध्यापक एर्विन श्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकू लागले. पक्ष्यांच्या मृत कातड्यांची मोजमापे घेऊन जातींच्या याद्या करण्याइतकेच जिवंत पक्ष्याचे वागणे अभ्यासणे महत्त्वाचे आहे, असे मानणाऱ्या विद्वानांत श्ट्रेसमान अग्रणी होते. सलीम अलींनी त्यांना आयुष्यभर गुरू मानले. हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांच्या स्थलांतराचा माग कसा काढतात, हेही ते याच काळात शिकले.

ही शिदोरी घेऊन १९३० मध्ये ते मुंबईत परतले, तर पैशांअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. शहरात बिऱ्हाड चालवणे परवडेना. तेव्हा ते आणि तेहमीना कुटुंबाच्या किहीम येथील घरी राहायला गेले. एखादा दुसरा माणूस खचून गेला असता. सलीम अलींना तिथे घराजवळच सुगरणींची वसाहत सापडली. दुर्बीण होती, वही होती आणि वेळ तर हवा तेवढा होता.

मराठी माणसाला सुगरण नवी नाही. बहिणाबाई चौधरींच्या कवितेने तर तिचा खोपा घराघरात पोचवला. त्या कवितेत आणि आपल्या भाषेतही ती ‘सुगरण’ आहे, म्हणजे स्त्री. पिलांसाठी घर विणणारी कष्टाळू आई म्हणूनच आपण तिच्याकडे पाहत आलो. प्रत्यक्षात खोपा विणतो तो नर. विणीच्या हंगामात त्याच्या डोक्यावर आणि छातीवर हळदी रंग चढतो. गवताच्या किंवा भाताच्या पातीला चोचीने खाच पाडून तो तिची लांबच लांब पट्टी सोलतो आणि एकेक पट्टी गुंफत फांदीला खोपा टांगतो.

खोपा अर्ध्यावर, शिरस्त्राणासारखा दिसू लागला, की नर विणकाम आवरते घेतो आणि खोप्याला लटकून पंख फडफडवत माद्यांना बोलावू लागतो. मादी येते, आत शिरते, विणकाम चाचपून पाहते. पसंत पडले तर ती तेथेच राहते, नाही तर दुसऱ्या खोप्याकडे वळते. घर नाकारले गेले, तर सारे कष्ट वाया जातात. मादीने घर पसंत केल्यावरच नर अंड्यांची कोठी आणि खाली लोंबणारी नळी पुरी करतो. मादी आतून अस्तर लावते, अंडी घालते आणि उबवण्याचे काम एकटीच करते. येथवरचे चित्र चारचौघांच्या संसारासारखेच. पण किहीमच्या त्या वसाहतीत कोणता खोपा कोणत्या नराचा, त्यात मादी कधी आली आणि त्यानंतर नराने काय केले, याची नोंद सलीम अली सातत्याने ठेवत गेले, तेव्हा एक निराळीच गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. पहिली मादी अंड्यांवर बसली, की नर जवळच दुसरा खोपा विणायला घेतो. तोही पसंत पडला, तर दुसरी मादी येते आणि जमल्यास तिसरीही. एकाच हंगामात एकामागून एक संसार मांडणारा हा पक्षी आहे, हे तोवर कोणी नीट दाखवून दिले नव्हते. वसाहतीत दिसणारे अर्धवट खोपे कशासाठी, या जुन्या कोड्याचाही उलगडा त्यातून झाला. ज्यांना मादीची पसंती मिळाली नाही, असेच ते बहुतांश खोपे होते.

१९३१ मध्ये हा अभ्यास सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जाणकारांचे लक्ष या अपरिचित लेखकाकडे वेधले गेले. त्यामागे प्रयोगशाळा, अनुदान, पद असे काहीच नव्हते. होती ती एकाच ठिकाणी, एकाच पक्ष्याकडे सारा हंगाम पाहत राहण्याची चिकाटी. सुगरणी किहीमच्या प्रत्येक घरमालकाला दिसत होत्या, पण त्यांच्याकडे इतका वेळ पाहणारा कोणी आजवर आला नव्हता.

नोकरी मात्र मिळाली नाही. सलीम अलींनी त्यावरही तोड काढली. ज्या संस्थानांतील पक्ष्यांची शास्त्रीय पाहणी झालेली नाही, तेथे आपण विनावेतन काम करू, संस्थानाने फक्त मोहिमेचा खर्च द्यावा, असा प्रस्ताव सोसायटीमार्फत गेला. निजामाच्या हैदराबाद संस्थानाने तो मान्य केला आणि १९३१ मध्ये पाहणी सुरू झाली. मुक्काम हलवणे, स्वयंपाकपाणी, हिशेब हे सारे तेहमीना यांनी अंगावर घेतले. ऐषारामात वाढलेल्या या बाईंनी तंबूतले जिणे आनंदाने पत्करले नसते, तर सलीम अलींच्या पुढच्या वाटचालीला आकार येणे कठीण होते.

हैदराबाद संस्थानाची हद्द आपल्या या भागाला अगदी लागून होती. आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुऱ्याचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. सिरोंच्याला प्राणहिता आणि गोदावरीचा संगम होतो, तेथेही पलीकडचा काठ निजामाचा होता. याच गोदावरीच्या खोऱ्याशी पक्षिशास्त्रातील एका प्रसिद्ध कोड्याचा संबंध आहे. जेर्डनचा धाविक नावाचा एक निशाचर पक्षी काटेरी झुडपी रानात राहतो. विल्यम ब्लॅनफर्ड या भूशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात सिरोंच्याच्या परिसरात त्याची नोंद केली होती. १९०० नंतर मात्र तो कोणालाच दिसला नाही. हैदराबादच्या पाहणीत सलीम अलींनाही तो सापडला नाही. अखेर १९८६च्या जानेवारीत सोसायटीचे संशोधक भरत भूषण यांना आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यात तो पुन्हा गवसला. पक्ष्याचा माग लागला, तो तिथल्या रानाची नस ठाऊक असलेल्या स्थानिक माणसांच्या मदतीने. शोध लागला तेव्हा सलीम अली नव्वदीच्या उंबरठ्यावर होते. नामशेष मानलेला पक्षी परत आल्याचे पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले.

हैदराबादनंतर त्रावणकोर, कोचीन आणि मध्य भारतातील संस्थाने अशी त्यांची पायपीट चालू राहिली. १९३९ मध्ये मात्र त्यांच्यावर मोठा आघात झाला. एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर रक्तात विष भिनून तेहमीना यांचे निधन झाले. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. बहीण कम्मू आणि मेहुणे हसन अली यांच्या वांद्र्याच्या पाली हिलवरील घरी ते राहू लागले आणि दुःख कामात बुडवत गेले.

१९४१ मध्ये त्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि सामान्य माणसाला पक्षी ओळखण्याची गुरुकिल्ली मिळाली. रंगीत चित्रे, सोपे वर्णन, पक्षी कुठे आणि केव्हा दिसेल याची नेमकी माहिती, अशी त्याची रचना होती. पंडित नेहरूंनी या पुस्तकाची प्रत इंदिराजींना भेट दिली होती. पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. १९६७ मध्ये भाची लईक फतेहअली यांच्यासह नॅशनल बुक ट्रस्टसाठी त्यांनी परिचित पक्ष्यांवर आणखी एक छोटे पुस्तक लिहिले. भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांचा सिडनी डिलन रिप्ले यांच्यासह सिद्ध केलेला दहा खंडांचा ग्रंथराज १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. तो विद्वानांचा आधार ठरला. घरोघरी मात्र पोचली ती छोटी पुस्तके.

सलीम अलींचे चरित्र लिहिताना त्यांना संत करून ठेवण्याचा मोह टाळलेला बरा. त्या काळच्या शास्त्राला अनुसरून त्यांनी अभ्यासासाठी असंख्य पक्षी मारले आणि त्याचे समर्थनही केले. भरतपूरच्या केवलादेव येथील पाणथळीचे संरक्षण व्हावे, म्हणून ते आयुष्यभर झटले. पण तेथे गुरांच्या चराईला बंदी घालण्याच्या मागणीलाही त्यांचा पाठिंबा होता. १९८२ मध्ये बंदी आली, संघर्ष पेटला आणि पोलिसांच्या गोळीबारात गावकऱ्यांचे प्राण गेले. पुढे सोसायटीच्याच शास्त्रज्ञांनी दीर्घकाळ निरीक्षण केले, तेव्हा वेगळेच सत्य पुढे आले. म्हशींच्या चरण्यामुळे पाण्यातले गवत आटोक्यात राहत होते. चराई थांबल्यावर ते माजले आणि पाणपक्ष्यांचीच जागा अडली. किहीमला जे पाहून मग बोलले गेले, ते भरतपूरला आधी बोलून नंतर पाहिले गेले. जंगल आणि माणूस यांचे नाते रोजच्या जगण्याचे असलेल्या गडचिरोलीसारख्या जिल्ह्याला या चुकीतून शिकण्यासारखे बरेच आहे.

सन्मान चालत आले. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण आणि १९८५ मध्ये राज्यसभेचे नामनियुक्त सदस्यत्व. ज्याला महाविद्यालय सोडावे लागले, त्याला अलिगढ, दिल्ली आणि आंध्र विद्यापीठांनी डॉक्टरेट दिली. जे. पॉल गेटी पुरस्काराची मोठी रक्कम त्यांनी निसर्गसंवर्धनाच्या निधीला देऊन टाकली. १९८५ मध्ये आत्मचरित्र आले. त्याचे शीर्षक त्यांनी एका चिमणीच्या पडण्यावरूनच ठेवले. २० जून १९८७ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात अवघ्या काही वर्षांत जे घडले, त्याने त्यांच्या जीवनाचा धडा अधिकच गडद केला. पांढऱ्या पाठीचे गिधाड त्यांच्या हयातीत देशभर इतके मुबलक होते, की त्याची मोजदाद करावी, असे फारसे कोणाला वाटत नव्हते. १९९०च्या दशकात ही गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. सोसायटीचे विभू प्रकाश यांनी केवलादेवमध्ये ऐंशीच्या दशकात झालेल्या गणतीशी पुढची गणती ताडून पाहिली आणि या ऱ्हासाची पहिली शास्त्रीय खूण हाती आली. जुनी गणती उपलब्ध नसती, तर तुलना कशाशी करणार होते? गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातो आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तोवर या जातीची नव्याण्णव टक्क्यांहून अधिक गिधाडे संपली होती.

गडचिरोली जिल्हा हा या गिधाडांच्या महाराष्ट्रातील शेवटच्या आश्रयस्थानांपैकी एक. तेथे वनविभागाने गिधाडांसाठी उपाहारगृहे उभारली आणि निर्धोक मृत जनावरे त्यांना मिळतील, अशी सोय केली. शेजारच्या ताडोब्यात २०२४ मध्ये हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून पांढऱ्या पाठीची दहा गिधाडे आणण्यात आली. हे केंद्र चालवण्यात सलीम अलींच्याच सोसायटीचा मोठा वाटा आहे. कधीकाळी गावकुसाबाहेर सहज दिसणारा पक्षी आज पिंजऱ्यात वाढवून, पाठीवर यंत्र बांधून रानात सोडावा लागतो. परिचयाच्या पाखराकडे दुर्लक्ष करण्याची ही किंमत आहे.

म्हणून सलीम अलींचे स्मरण मोठ्या मोहिमेवर निघण्यासाठी नको, दारापाशी थांबण्यासाठी हवे. गडचिरोलीच्या एखाद्या गावात किंवा नागपूर-पुण्याच्या सदनिकेत, अंगणात येणारा दयाळ, कुंपणावरचा भारद्वाज, जास्वंदीवर झेपावणारा शिंजीर, वळचणीची चिमणी यांना नावाने ओळखावे. ती केव्हा आली, किती होती, घरटे केव्हा बांधले, हे तारखेसह वहीत लिहावे. त्याला पदवी लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही. आज निरुपयोगी वाटणारी अशी एखादी नोंद वीस वर्षांनी कुणाच्या तरी हाती पुराव्यासारखी पडू शकते.

येत्या पावसाळ्यात धानाच्या बांधीवरच्या शिंदीला पुन्हा खोपे लोंबतील. त्यांतील किती पुरे झाले आणि किती अर्धवट राहिले, एवढे जरी कुणी मोजले, तरी किहीमच्या त्या बेकार माणसाने सुरू केलेले काम एका पावलाने पुढे जाईल.